परसातली नेमबाजी: आधी भिंत, मग छर्रा, शेवटी बंदूक

हवेची बंदूक घ्यायला निघालेल्या नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणती घेऊ?" विकणाऱ्याचे उत्तरही ठरलेलेच. ज्या खोक्यावर वेगाचा आकडा सगळ्यात मोठा छापला आहे, ती. इथे दोघेही उलट्या टोकाने सुरुवात करतात. परसात नेमबाजी करायची तर छर्रा कुठे जाऊन थांबणार हे आधी ठरवायचे, मग अंतर मोजायचे, मग त्या अंतराला कोणता छर्रा चालेल ते पाहायचे. एवढे झाले की बंदुकीचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो आणि निम्मी मॉडेल यादीतून गळून पडतात.

कायद्याची चौकशी मात्र या सगळ्याच्या आधी. नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा किती असावी याची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत विनापरवाना मर्यादा ७.५ ज्यूल आहे. इंग्लंडमध्ये रायफलसाठी ती १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, आणि पिस्तुलासाठी त्याच्या निम्मी. काही ठिकाणी वयाची अट असते, काही ठिकाणी वस्तीत छर्रा झाडायलाच मनाई असते, तर काही ठिकाणी एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या बंदुकीच्या) रंगाचा नियम असतो. आपल्या भागाचा नियम पोलीस ठाण्यातून किंवा मूळ नियमावलीतून पाहा, विकणाऱ्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

पायरी १: छर्रा कुठे थांबणार?

४.५ मिलिमीटरचा साधा पेलेट (शिशाचा छर्रा) चुकून वर सुटला तर कित्येकशे मीटर जातो. परसाच्या कुंपणाला तो जुमानत नाही. म्हणून अडथळे दोन लागतात. पहिला म्हणजे टार्गेटच्या मागची छर्रापेटी. दुसरा म्हणजे पेटी चुकली तर छर्रा अडवणारा मोठा पडदा किंवा भिंत.

छर्रापेटी घरी करता येते. अंदाजे ३० × ३० सेंटिमीटर तोंडाची आणि १५ सेंटिमीटर खोलीची लाकडी पेटी घ्या. आत काय भरायचे याचे तीन पर्याय:

- विजेच्या पाइपांची तोंडे बुजवायला मिळणारी, कधीही न वाळणारी पुटी. प्लायच्या पाठीवर ४ ते ५ सेंटिमीटर जाड थापायची. छर्रा त्यात रुततो, उसळत नाही आणि आवाज फक्त "थप्प" एवढाच होतो. शेजारपाजार जवळ असेल तर याला तोड नाही. काही हजार छर्रे झाले की पुटी खरवडून शिसे काढायचे आणि पुन्हा थापायची.
- घट्ट बांधलेली वर्तमानपत्रे किंवा जुने जाड ग्रंथ, १५ सेंटिमीटर भरून. फुकटात होते, पण एकाच जागी मारा झाला की तिथे बोगदा पडतो. दर शंभर-दीडशे छर्ऱ्यांनी गठ्ठा फिरवावा लागतो.
- ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, वरचे टोक नेमबाजाकडे झुकलेले, ४५ अंशांत. शिशाचा छर्रा त्यावर चपटा होऊन खाली पडतो. आवाज मोठा होतो. शिशाची बारीक धूळ उडते, म्हणून बंद खोलीत ही पेटी नको. उभा, सपाट पत्रा तर कधीच नको.

बीबीला, म्हणजे बारीक पोलादी गोळीला, शेवटचा पर्याय पूर्ण वर्ज्य आहे. पोलाद चपटे होत नाही, दगडावर, पत्र्यावर किंवा सपाट रबरावर आपटून ते जवळजवळ त्याच वाटेने परत येते. बीबीसाठी आणि एअरसॉफ्टसाठी खोक्यात सैल लोंबणारे जाड कापड सगळ्यात बरे. जुन्या चादरीचे तीन-चार थर वरच्या कडेला टांगायचे, खालची बाजू मोकळी सोडायची. कापड ताणून बसवले तर त्याचा ट्रॅम्पोलिन होतो.

पेटीच्या मागे विटांची भिंत, मातीचा उंचवटा किंवा १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, किमान एक मीटर रुंद आणि तितकेच उंच. पेटी अशा उंचीवर ठेवा की नेमाची रेषा किंचित खाली उतरेल. मागे दार, खिडकी, पायवाट नको. "तिकडून सहसा कोणी येत नाही" अशी जागा म्हणजे येण्याजाण्याची जागाच समजायची.

पायरी २: टेप घेऊन अंतर मोजा

अंतर नळीच्या तोंडापासून टार्गेटपर्यंत मोजायचे. १० मीटर मिळत असतील तर तुम्ही सुदैवी आहात. एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे अंतर हेच आहे, आणि छापील टार्गेटही त्याच मापाची मिळतात. रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पिस्तुलाच्या टार्गेटवर तेच वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. जागा ५ मीटरच असेल तर टार्गेट निम्म्या आकारात छापा, डोळ्याला काम तेवढेच पडते.

५ ते ७ मीटरवर पिस्तूल किंवा एअरसॉफ्ट पुरते. १० ते २५ मीटरला ४.५ मिलिमीटरची पेलेट रायफल हवी. २५ च्या पुढे वारा, छर्ऱ्याचा झोक आणि मागच्या पडद्याचा आकार हे सगळेच वाढते, आणि ते सहसा परसाचे काम राहत नाही.

पायरी ३: एअरसॉफ्ट, बीबी की पेलेट?

ही तीन वेगळी जनावरे आहेत आणि नवखे लोक तिन्हींना "छर्ऱ्याची बंदूक" म्हणून मोकळे होतात.

एअरसॉफ्टमध्ये ६ मिलिमीटरची म्हणून विकली जाणारी प्लास्टिकची गोळी असते, प्रत्यक्षात ती ५.९५ मिलिमीटर भरते. नळी आतून गुळगुळीत असते. गोळीला स्थिर ठेवायला हॉप-अप नावाचा रबरी उंचवटा तिला उलटी गिरकी देतो, त्यामुळे ती हवेत तरंगल्यासारखी सरळ जाते. ०.२० ग्रॅमची गोळी १०० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटली तर ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. डोळा फोडायला, दात तोडायला एवढी पुरेशी आहे, पण गोळी थांबवायला जड चादर पुरते. लहान जागा, गच्ची, गॅरेज, शिशाची कटकट नको असलेले घर, यांच्यासाठी हा पर्याय चांगला. अचूकतेची अपेक्षा मात्र माफक ठेवा: १० मीटरवर चार-सहा सेंटिमीटरचा गट (एकाच नेमाने मारलेल्या भोकांचा घोळका).

बीबी म्हणजे पोलादी गोळी, सुमारे ४.४ मिलिमीटर, वजन ०.३४ ग्रॅमच्या आसपास. स्वस्त, डब्याला हजारोंनी मिळते, मॅगझिनमध्ये भराभर भरते. नळीत आटे (आतल्या पिळदार खाचा) नसतात, म्हणून गोळी फिरत नाही आणि गट मोठा पडतो. त्यात वर उसळीचा धोका. टार्गेटवर नेम शिकायचा हेतू असेल तर आमच्या मते तिन्हींतला हा सगळ्यात कमजोर पर्याय. डबे पाडायची मजा म्हणून कोणी घेत असेल तर डबे कापडी पडद्यापुढे टांगावेत, भिंतीपुढे नाहीत.

पेलेट शिशाचा, कमरेला बारीक, मागे घागऱ्यासारखा पसरट. सुटताना हा घागरा फुलून आट्यांत बसतो, छर्रा फिरतो आणि सरळ जातो. कागदावर नेम शिकायला खरे साधन हेच. व्यास ४.५ की ५.५? टार्गेटसाठी ४.५. छर्रा स्वस्त, मार्ग सपाट, आणि सगळी स्पर्धेची टार्गेट याच मापाला धरून. ५.५ चा उपयोग जास्त ताकदीच्या बंदुकीत आहे, आणि परसात ताकद ही अडचण आहे.

पेलेटच्या नळीत पोलादी बीबी घालू नका, आटे घासतात. दोन्ही चालतील असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच अपवाद.

पायरी ४: वेगाच्या आकड्याला भुलू नका

ऊर्जा काढायची रीत सोपी: वजन (किलोग्रॅममध्ये) × वेगाचा वर्ग ÷ २. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटला तर सुमारे ८ ज्यूल. स्पर्धेतल्या महागड्या रायफली साधारण याच वेगाच्या आसपास चालतात. जगातले सगळ्यात अचूक नेमबाज जेवढ्यात भागवतात तेवढ्यात आपल्या परसातही भागते.

खोक्यावरचा "१२०० फूट प्रति सेकंद" हा आकडा बहुधा हलक्या, बिनशिशाच्या छर्ऱ्याने मिळवलेला असतो. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ११०० फुटांच्या थोडा वर. छर्रा त्याच्या आसपास गेला की डगमगतो, गट पसरतो, वर "फट्ट" असा कडाका होऊन सगळी आळी जागी होते. शिवाय एवढी ताकद आणायला स्प्रिंग जाड लागते, बंदूक जड होते, धक्का वाढतो, ताण देताना तिसाव्या छर्ऱ्याला दंड भरून येतो आणि मग पुढचे सत्तर छर्रे थकलेल्या हाताने जातात.

टार्गेट रायफलसाठी ६ ते १२ ज्यूल, पिस्तुलासाठी ३ ते ५ ज्यूल. याच्या वर जायचे ठोस कारण सांगता येत नसेल तर जाऊ नका.

पायरी ५: यंत्रणा

इथे थोडे थांबायला हवे, कारण बंदूक कशी वागेल, किती चुका माफ करेल, वर्षभराने किती खर्च मागेल हे यंत्रणेवरून ठरते.

*स्प्रिंग-पिस्टन.* नळी मोडून किंवा खालचा-बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे झेपावतो, हवा दाबतो, छर्रा सुटतो. बाहेरून गॅस नाही, पंप नाही, सिलिंडर नाही. एका डब्यात छर्रे घेतले की दिवसभराची सोय. वीस वर्षे जुन्या बंदुका सील आणि स्प्रिंग बदलून धडधाकट चालतात.

तोटा एकच, पण मोठा. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनच्या झेपेने बंदूक मागे हलते आणि पिस्टन टोकाला पोचला की पुढे झटका खाते. त्यामुळे ती कशी धरली आहे यावर छर्रा कुठे लागतो ते ठरते. घट्ट पकडली किंवा टणक टेकूवर ठेवली की गट विस्कटतो. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवायचा, खांद्याला अलगद लावायची, उडी मारायची तर मारू द्यायची. आणि प्रत्येक वेळी तळहात त्याच जागी. ही पकड शिकायला दोन-तीन डबे छर्रे जातात. पण जो ती शिकतो त्याला पुढे कोणतीही बंदूक सोपी वाटते.

*गॅस रॅम.* स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यात दाबलेला वायू. ताणलेल्या स्थितीत स्प्रिंगसारखा थकत नाही, झणझण कमी, थंडीत फरक कमी. पण ताण द्यायला सुरुवातीपासून जड, आणि बिघडला की अख्खे नळकांडेच बदलायचे.

*एका झटक्याची हवा.* दांडा एकदा उघडून बंद केला की हवा कप्प्यात दाबून बसते. धक्का जवळजवळ शून्य, प्रत्येक छर्ऱ्याला तोच दाब. पिस्तूल शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. ताकद ३-४ ज्यूलच्या घरात, म्हणजे परसाला नेमकी. दाब भरून ठेवून द्यायची नाही, सील बिघडते.

*सीओटू.* दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडचे १२ ग्रॅमचे काडतूस, पिस्तुलात अंदाजे ४० ते ६० छर्रे. धक्का नाही, भराभर मारता येते, आणि म्हणूनच नवशिक्याला नेमापेक्षा भराभर मारायची सवय लागते. दुसरी अडचण तापमानाची. काडतुसातला दाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार असतो, ० अंशाला ३५ च्या आसपास उतरतो. थंड सकाळी छर्रे खाली पडतात. भराभर मारल्यावरही काडतूस गार पडते आणि तेच होते. दोन छर्ऱ्यांत दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. काडतूस बसवताना त्याच्या टोकावर सीओटू बंदुकीसाठी मिळणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, सील टिकते. उन्हात तापलेल्या गाडीत काडतुसे ठेवू नयेत. काम संपल्यावर भरलेले काडतूस बंदुकीत अडकवून महिनोन्महिने ठेवले तर सील खराब होते.

*पीसीपी.* आधीच भरलेली हवा, साधारण २०० बार किंवा जास्त. धक्का नाही, अचूकता अप्रतिम. पण हातपंप, सिलिंडर, भरायची जोडणी, सिलिंडरची ठरावीक मुदतीची तपासणी, हे सगळे पाठोपाठ येते. हातपंपाने २०० बार भरणे म्हणजे व्यायामच. भरायची ती कोरडी हवाच, ऑक्सिजन कधीही नाही. जोडणीला खनिज तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, एवढ्या दाबाखाली ते पेट घेते. पहिली बंदूक म्हणून पीसीपी घ्यायला हरकत नाही, पण बंदुकीच्या किमतीत पंपाची किंमत मिळवूनच हिशेब करा.

एअरसॉफ्टमध्ये तीन प्रकार मुख्य. स्प्रिंगचे, दर गोळीला ताण द्यायचे: स्वस्त, शांत, टार्गेटला पुरेसे. बॅटरीचे: स्वयंचलित, खेळासाठी बनवलेले, टार्गेटला गरजेपेक्षा जास्त. गॅसचे पिस्तूल: हातात खऱ्यासारखे, ट्रिगरचा सराव उत्तम, थंडीत सुस्त. बॅटरीचे घेतले आणि ती लिथियम-पॉलिमर असेल तर प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, साठवताना सेलमागे ३.८ व्होल्ट ठेवा, आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नसते.

कुठलाच निर्णय होत नसेल तर: १० मीटर जागा आणि पेलेट चालत असेल, तर ४.५ मिलिमीटरची, ७ ते १० ज्यूलची, स्प्रिंगची रायफल. जागा कमी असेल तर एका झटक्याच्या हवेचे पिस्तूल. शिसे नको असेल तर स्प्रिंगची एअरसॉफ्ट रायफल.

पायरी ६: हातात घेतल्यावर काय पाहायचे

मागचा दस्ता कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर पोचले तर लांबी ठीक. गाल टेकवल्यावर डोळा आपसूक साइटच्या (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांच्या) रेषेत यायला हवा, मान ताणावी लागत असेल तर ती बंदूक तुमची नाही. वजन २.५ ते ३.५ किलो बरे. मुलासाठी घेत असाल तर ताण द्यायला लागणारा जोर त्यानेच द्यायचा आहे हे विसरू नका. दांडा अर्ध्यात सुटला की बोटांचे काय होते ते पुढे सांगितले आहे.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा: आधी मोकळा प्रवास, मग स्पष्ट अडकाव, मग सुटका. सुटायला १ ते १.५ किलो भार ठीक. अडीच किलोच्या वर गेला की बोट बंदुकीलाच ओढते.

कोणता डोळा प्रबळ तेही याच वेळी बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांचा लहान त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो, आणि हे न कळल्याने कित्येक जण बंदुकीला दोष देत बसतात.

जुनी बंदूक घेताना आणखी काही. नळी बंद करून आडवी हलवा, खडखड नको. नळीच्या तोंडाची कड नखाने चाचपा, तिथला खरचटा गटाला भोवतो. दस्त्याला, विशेषतः स्क्रूंच्या भोकांशी, चीर नको. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून, छर्रा भरून, पेटीत एक बार काढा. पट्टी उडाली तर सांध्याचे सील गेलेले, ते स्वस्तात बदलते. ताण देताना करकर ऐकू आली तर स्प्रिंग वाकलेली असू शकते. पीसीपी असेल तर आज दाब पाहून उद्या पुन्हा पाहायला जा.

"रिकामी मारून बघा" असे कोणी म्हटले तर नको म्हणा. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नसेल तर पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन थेट धातूवर आदळतो. सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात.

पायरी ७: छर्रे विकत घ्या, एकच डबा नाही

कागदासाठी सपाट डोक्याचा छर्रा. तो कागदाला पंच मारल्यासारखे गोल भोक पाडतो, गुण मोजता येतात. २५ मीटरच्या पुढे गोल डोक्याचा. टोकदार छर्रे दिसायला जहाल, अचूकतेला बहुधा मागेच. ४.५ मिलिमीटरमध्ये वजन ०.४५ ते ०.५५ ग्रॅम, डब्यावर हेच ७ ते ८.५ ग्रेन असे लिहिलेले असते.

प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांचीही. तीन-चार प्रकारचे छर्रे आणा. प्रत्येकाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन गट पाडा, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. एका गटावर निकाल देऊ नका, तो नशिबानेही लहान येतो. छर्रा बदलला की नळीत जुन्या शिशाचा लेप असतो, म्हणून पहिले दहा सोडून द्या.

भरण्यापूर्वी घागरा वाकलेला छर्रा बाजूला टाका. छर्रा नळीत आपोआप घरंगळत गेला तर तो सैल आहे. अंगठ्याने किंचित दाबून कडेशी सपाट बसायला हवा.

एअरसॉफ्टला १ ज्यूलच्या आसपास ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमच्या गोळ्या बऱ्या. ०.१२ ग्रॅमच्या गोळ्या खेळण्याच्या, त्या भरकटतात. जमिनीवरून वेचलेली गोळी पुन्हा भरू नये, वाळूचा एक कण नळी खरवडतो.

पायरी ८: साइट

पहिले पाचशे छर्रे उघड्या साइटने मारा. दुर्बिणीत हाताची थरथर दिसते आणि नवशिका ठिपक्याच्या मागे धावत ट्रिगर झटकतो. उघड्या साइटवर नजर पुढच्या साइटवर ठेवायची, टार्गेट थोडे धूसर दिसले तरी चालते.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, ती १० मीटरवर स्पष्ट होते का. बंदुकांच्या सर्वसाधारण दुर्बिणी लांबच्या अंतराला जुळवलेल्या असतात, जवळ धूसर दिसतात. दोन, स्प्रिंगच्या बंदुकीसाठी ती बनवलेली आहे का. पुढे-मागे असा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीची भिंगे हलवतो. क्लँपला मागे सरकू न देणारी खुंटी हवी, नाहीतर दुर्बीण दर पन्नास छर्ऱ्यांना केसभर मागे जाते आणि नेम का हलतोय ते कळत नाही.

पहिला दिवस

१. चष्मा. ईएन १६६ या युरोपीय मानकात "एफ" खुणेचा चष्मा ०.८६ ग्रॅमच्या पोलादी गोळीचा ४५ मीटर प्रति सेकंद वेगाचा मार सोसतो, म्हणजे अवघे ०.८७ ज्यूल. "बी" खुणेचा गॉगल १२० मीटर प्रति सेकंद सोसतो, सुमारे ६.२ ज्यूल. १ ज्यूलच्या एअरसॉफ्टलाही "एफ" पुरत नाही हे गणित विक्रेते सांगत नाहीत. "बी" घ्या, आणि तिथे उभ्या प्रत्येकासाठी घ्या.

२. नवी नळी ग्रीसने भरलेली असते. कापडाच्या लहान तुकड्यांनी, तोंडाकडून नको, छर्रा भरतात तिकडून ओढून पुसून घ्या. तुकडा स्वच्छ निघेपर्यंत.

३. दस्त्याचे सगळे स्क्रू आवळा. जोर लावून नाही, नीट बसेपर्यंत.

४. ताण दिल्यावर छर्रा भरून होईपर्यंत नळी किंवा दांडा एका हाताने घट्ट धरून ठेवा. उघड्या नळीच्या स्थितीत ट्रिगर दाबला गेला तर नळी चाबकासारखी मिटते: बोट मध्ये असेल तर बोट जाते, नसेल तर नळी वाकते.

५. पहिला गट ५ मीटरवरून पाडा, म्हणजे कागद तरी सापडेल. मग १० वर या. दुर्बीण नळीच्या मध्यापासून चार-साडेचार सेंटिमीटर वर असते, म्हणून १० मीटरला जुळवलेली ८ ज्यूलची रायफल ५ मीटरवर दीडेक सेंटिमीटर खाली मारते. हा दोष नाही.

६. पाच छर्ऱ्यांचा गट पाडा, मगच साइट फिरवा. एकेका भोकामागे फिरवत बसलात तर दिवस मावळेल. मागची साइट ज्या दिशेला गट न्यायचा त्या दिशेला सरकवायची. दुर्बिणीच्या चकतीचा एक क्लिक पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) असेल तर तो १० मीटरवर ०.७ मिलिमीटर हलवतो. गट १५ मिलिमीटर हलवायला सुमारे २० क्लिक लागतात.

७. एअरसॉफ्टमध्ये हॉप-अप पूर्ण उतरवून सुरुवात करा. गोळी लवकर खाली पडेल. थोडे थोडे चढवत जा, मार्ग सपाट झाला की थांबा. शेवटी गोळी वर उठायला लागली तर हॉप जास्त झाले. १० मीटरला ते नाममात्रच लागते.

गट विस्कटला तर

कालपर्यंत एका नाण्यात बसणारा गट आज बशीएवढा झाला, तर शोध याच क्रमाने घ्या, कारण स्वस्त कारणे आधी आहेत. दस्त्याचे स्क्रू. दुर्बिणीचे क्लँप. छर्ऱ्याचा डबा बदलला का. पकड बदलली का, टेकू टणक आहे का. सांध्याचे सील. नळीत शिशाचा थर. यानंतरच स्प्रिंग किंवा पिस्टनचे सील.

गट एकत्र आहे पण रोज थोडा खाली उतरतोय: स्प्रिंग थकली, सील झिजले, किंवा सीओटू संपत आले. गट उभा लांबट: वेग एकसारखा नाही, छर्रे नीट न बसणे हे नेहमीचे कारण. गट आडवा लांबट: बहुतेक वेळा ट्रिगर बाजूला ओढला जातोय.

नव्या स्प्रिंगच्या बंदुकीतून पहिल्या काही डझन बारांना धूर आणि जळका वास आला तर घाबरू नका, कप्प्यातले जादा तेल दाबाने पेटते आणि संपते. दोनशे छर्ऱ्यांनंतरही जोरकस धमाके होत असतील तर कोणीतरी आत तेल सोडले आहे. दाबाच्या कप्प्यात घरातले यंत्रतेल घालायचे नाही. धमाक्याने सील जळते, दुर्बीण फुटते, आणि वेग कायद्याच्या रेषेपलीकडेही जाऊ शकतो.

आवरून ठेवताना

नळी दर आठवड्याला घासायची गरज नाही. गट पसरला की साफ करा, आणि साफ केल्यावर नेम जागेवर यायला दहा-वीस छर्रे जातात हे लक्षात ठेवा. बाहेरून मात्र प्रत्येक वेळी तेलाचे बोट लावलेला फडका फिरवा, घामाच्या ठशांवर गंज चढतो. एअरसॉफ्टच्या हॉप-अप रबराला तेल लागू देऊ नका, गोळीला गिरकीच बसत नाही.

स्प्रिंग ताणलेली ठेवून जायचे नाही. ताण उतरवायचा एकच भरवशाचा मार्ग, छर्रा भरून पेटीत बार काढणे. मग बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कप्प्यात. ने-आण करताना पूर्ण झाकलेल्या पिशवीत, कारण दुरून पाहणाऱ्याला एअरसॉफ्ट आणि खरी बंदूक यांतला फरक कळत नाही, पोलिसालाही नाही.

शिशाचे छर्रे तोंडात धरायची सवय काही जुन्या नेमबाजांना असते, ती उचलू नका. सराव झाल्यावर साबणाने हात धुवा, त्याआधी खाणेपिणे नाही. पेटीतले शिसे बरणीत साठवा आणि भंगारात द्या, मातीत टाकू नका. पेटीभोवती चुकून पडलेले छर्रेही वेचा, विशेषतः परसात लहान मूल किंवा कोंबड्या फिरत असतील तर.